बासन आणि बिऱ्हाड

वर्षाकाठी माझे बिऱ्हाड तीन ठिकाणी पडते. दिवाळी आटोपली की शहादा तालुक्यात, प्रकाशा या गावाच्या अलीकडे तापीकाठच्या एका गावी, पाटलांच्या मळ्यातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोलीत मी राहायला येते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सातपुड्यातल्या तोरणमाळला चढते. आणि मृगानंतर पावसाने चांगला जम धरला, की तेथून उतरून धुळ्याला एका नातेवाइकांच्या माडीवर दिवाळीपर्यंत मुक्काम करते. शाळेतली नोकरी सोडून कादंबरी लिहायची आणि तिला टेकू म्हणून भाषांतरे करायची असे ठरवले त्याला अकरा वर्षे झाली, आणि एवढ्या काळात हा फेरा फारसा चुकलेला नाही. ऐकणाऱ्याला यात काहीतरी रम्य दिसते. प्रत्यक्षात याची सुरुवात एका कूलरपासून झाली.

पहिल्या वर्षी एप्रिल आणि मेसुद्धा मळ्यातच काढायचे मी ठरवले होते. खान्देशातला उन्हाळा मला नवा नव्हता, पण घरात बसून तो सोसणे वेगळे आणि त्यात रोज चार पाने लिहिणे वेगळे. धाब्याची खोली दुपारपर्यंत बरी असते, कारण मातीचे जाड छत तापायला वेळ लागतो. मात्र एकदा ते तापले की मध्यरात्र उलटेपर्यंत दिवसभराचे ऊन डोक्यावर ओतत राहते. म्हणून कूलर घेतला. त्याच्या ओल्या वाऱ्याने आठ दिवसांत वहीची पाने मऊ पडली, शाईच्या पेनाची अक्षरे कडांना फुटू लागली, आणि वीज गेली की तीच पाने उन्हात टाकलेल्या बिबड्यासारखी, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखी, चहूबाजूंनी वर वळू लागली. कूलर चालू ठेवला तर कागद जात होता आणि बंद ठेवला तर मी. त्या मे महिन्यात माझी अकरा पाने झाली, आणि त्यांपैकी सात पुढे फाडावी लागली.

दुसऱ्या वर्षी आखाजीनंतर तोरणमाळला गेले ती केवळ पळ काढायचा म्हणून. सातपुड्यात सुमारे ११४३ मीटर उंचीवर असलेले हे गाव शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने एसटीने गाठता येते, आणि खाली पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकत असताना वर पहाटे पातळ गोधडी ओढून घ्यावी लागते. तेथे गेल्यावर लक्षात आले, की खाली हिवाळ्यात लिहून आणलेला मजकूर वर नव्याने वाचताना परका वाटतो, आणि परका वाटतो म्हणूनच तो बिनदिक्कत कापता येतो. तेव्हापासून कामाची वाटणी आपोआप होत गेली. पहिला खर्डा मळ्यात, दुसरे लेखन तोरणमाळला, आणि टंकलेखन, तपासणी, संदर्भ पाहणे हे सारे धुळ्याला. त्यामुळे बिऱ्हाड हलवणे म्हणजे कादंबरी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणे असे होऊन बसले आहे, आणि आखाजीच्या आधीचे चार आठवडे माझ्या वर्षातले सर्वांत गुंतागुंतीचे आठवडे ठरले आहेत. यंदाची, म्हणजे २०२५ सालची, आखाजी ३० एप्रिलला होती. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चच्या सोमवारी, मी तयारीला लागले.

या चार आठवड्यांत आठवडा ठरावीक चालतो. सोमवार ते गुरुवार पहाटे साडेचार ते नऊ एवढेच लेखन होते. नऊनंतर हातातला कागद दंडाला चिकटायला लागतो, म्हणून पुढचा दिवस भाषांतराच्या कामाला आणि झोपेला द्यावा लागतो. शुक्रवार कागदांचा, शनिवार शहाद्याच्या कामांचा, आणि रविवार मळ्यातल्या बायकांचा, म्हणजे कुरडया, पापड आणि बिबडे यांचा. या चार सकाळींत मी नवे प्रकरण कधीही सुरू करत नाही. अर्धे प्रकरण घाट चढत नाही, हा माझा अनुभव आहे. वर गेल्यावर खालच्या वाक्याची लय सापडत नाही आणि सांधा कायमचा दिसत राहतो. म्हणून हाती असलेले प्रकरण कुठे थांबवायचे हे ठरवणे हेच एप्रिलमधले खरे लेखन असते. यंदा नववे प्रकरण नवापूरच्या स्टेशनावर येऊन अडले होते. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. माझ्या कादंबरीतले ऊसतोडीला निघालेले कुटुंब तेथे गाडीची वाट पाहत बसते, आणि त्यांतल्या म्हातारीने गाडीत चढावे की गावी परत फिरावे याचा निर्णय मला तीन आठवडे झाले तरी घेता येत नव्हता. शेवटी मी तिला बाकावर बसलेलीच ठेवले आणि त्या पानाखाली रेघ मारली. प्रकरण पूर्ण झाले म्हणून ही रेघ मारली नव्हती. सामान वर नेणाऱ्या पिकअपचा दिवस ठरला होता, म्हणून मारली होती. कादंबरीकाराने हे कबूल करायला हरकत नसावी.

शुक्रवारचे काम सांगायला सोपे आणि करायला जिकिरीचे आहे. सहा महिन्यांत साचलेल्या कागदांचे तीन ढीग करायचे: वर न्यायचे, धुळ्याला पाठवायचे आणि मळ्यातच ठेवायचे. वर नेण्याचे कागद बासनात बांधते. ही सवय मला धुळ्यात लागली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यानंतर लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्या मंडळात आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहात मी पावसाळ्यात जाऊन बसते. ज्या गृहस्थाने जुनी दप्तरे शोधत गावोगाव पायपीट केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, त्याच्या कागदांच्या सान्निध्यात बसले की आपल्या चार वह्यांच्या ओझ्याची तक्रार करायला जीभ धजत नाही. जुन्या पोथ्या कापडात कशा बांधतात ते मी तेव्हा नीट पाहून घेतले. पोथीपेक्षा चारही बाजूंनी ऐसपैस असा सुती चौकोन घ्यायचा, एक कोपरा पोथीवर घ्यायचा, दोन बाजू एकमेकींवर दुमडायच्या आणि चौथ्या टोकाला शिवलेली दोरी भोवती फिरवून खोचायची. गाठ मारायची नाही, कारण घाईत गाठ ओढली की कडेची पाने दुमडतात. सुती कापड हवे, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदाला घाम फुटतो. मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली म्हणजे ती कायमची बाजूला पडली असे मानतात. माझ्याकडे उलटे आहे. जे बासनात जाते तेवढेच जिवंत राहते, आणि जे मोकळे राहते त्याचे काय होते हे मी २०१९ साली पाहिले आहे.

त्या वर्षी सामान जास्त झाले म्हणून दोन वह्या मी मळ्यातच पत्र्याच्या पेटीत ठेवून गेले. पेटीला कुलूप होते, आत डांबरगोळ्या होत्या, पण पेटी भिंतीला टेकलेली होती आणि तिच्या तळाला गंजून पडलेले, करंगळी जाईल एवढे भोक मी पाहिले नव्हते. दिवाळीनंतर परत येऊन पेटी उघडली तेव्हा वरून दोन्ही वह्या जशाच्या तशा दिसत होत्या. पुठ्ठा उचलला आणि आत नुसती माती होती. वाळवी पाने खाताना ओळीओळीने खात नाही. ती मधून बोगदे काढते, आणि उरलेल्या कागदाच्या जाळीत ‘म्हणून ती’, ‘विहिरीपाशी’, ‘नाही’ असे सुटे शब्द अडकून राहतात. ते शब्द मी जुळवून पाहिले, त्यांतून काही उभे राहिले नाही. पुढच्या हिवाळ्यात दोन प्रकरणे आठवणीतून पुन्हा लिहिली. ती पहिल्यापेक्षा आखूड झाली आणि छापूनही आली, पण विहिरीपाशी त्या दोघी काय बोलल्या होत्या ते मला आजतागायत आठवलेले नाही. तेव्हापासून मागे ठेवायची पेटी मी चार विटांवर ठेवते, विटांखाली रॉकेल किंवा ते मिळाले नाही तर जुने इंजिन ऑइल घातलेल्या वाट्या असतात, भिंतीपासून वीतभर अंतर सोडलेले असते, आणि पानांमध्ये वेखंडाचे तुकडे व सुकवलेला कडुनिंबाचा पाला असतो.

शनिवारी शहाद्याला जाताना मला लेखिका असल्याचे भान सर्वांत कमी असते. झेरॉक्सच्या दुकानात हस्तलिखिताची एक प्रत काढून ती पोस्टाने धुळ्याला पाठवायची; मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो दोन पेन ड्राइव्हवर आणि मेलवर टाकून ठेवायचे; रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्यायच्या; पाच किलोचा सिलिंडर भरून आणायचा; चष्म्याची जुनी काच जपून ठेवलेली आहे ना ते पाहायचे. एप्रिलपासूनच दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रे आणि फोन सुरू होतात, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९०९ साली ‘मनोरंजन’च्या अंकाने सुरू झालेली ही परंपरा वाचकाला ऑक्टोबरात दिसते, पण लेखकाला तिची कथा बहुधा जून-जुलैपर्यंत हातावेगळी करावी लागते. म्हणजे वर तोरणमाळला कादंबरीचे दुसरे लेखन करायचे त्याच आठ आठवड्यांत दोन कथाही द्यायच्या असतात. यंदा एका कथेला मी होकार दिला आणि दुसरीला नाही म्हटले. नाही म्हणताना वाईट वाटले, कारण मानधन लवकर देणारे संपादक फार थोडे आहेत आणि हे त्यांपैकी एक होते.

याच शनिवारांत एक जुने दुखणेही वर आले. मागच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते प्रकाशकाकडून आली होती. मी धुळ्यात युनिकोडमध्ये टंकून दिलेला मजकूर अक्षरजुळणी करणाऱ्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फिरवला होता, आणि त्या फेरफारात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या. पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी हे सगळे दुरुस्त करून दिले होते. दुरुस्त केलेली फाइल सापडत नाही म्हणून पुन्हा मूळ फाइलीपासून सुरुवात झाली होती. दोनशे चाळीस पाने दुसऱ्यांदा वाचायला घरात बसायला जागा असेल तर फारसे अवघड नाही, पण माझे टेबल एव्हाना दोरीने बांधून भिंतीला उभे केलेले होते. ती मुद्रिते मी आंब्याखाली बाजेवर बसून पाच दुपारींत वाचली, आणि त्यांच्यावर कैरीच्या चिकाचे डाग पडले त्याबद्दल मला मुळीच खेद वाटला नाही.

१३ एप्रिलच्या रविवारी बिबडे बायकांवर सोपवून मी वरची खोली पाहायला गेले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाल्यावर ही पाहणीची खेप मला परवडू लागली. पूर्वी मी फोनवर विचारून भरवशावर जात असे आणि एकदा कौलांतून गळणाऱ्या खोलीत पहिला वळीव काढला होता. राणीपूर सोडले की गाडीचा आवाज बदलतो, वळणे सुरू होतात, आणि तासाभरात खिडकीतून येणारा वारा झळ टाकून देतो. घाटाच्या कडेला सपाट खडकांवर जागोजाग कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या होत्या. धडगाव तालुक्याचा हा आमचूर वाळण्याचा हंगाम. बायका सावलीत बसून कैऱ्या सोलतात, चिरतात आणि फोडी उघड्या खडकावर पसरतात, आणि आभाळ भरून आले की सगळे घर त्या गोळा करायला धावते. मोहाची फुले तोवर जवळजवळ सरली होती. झाडाखालची जागा फुले वेचण्यासाठी झाडून, जाळून स्वच्छ केलेली असते, तिचे काळे गोल तेवढे दिसत होते. खोलीचे मालक पावरा आदिवासी आहेत. त्यांनी कुडाची भिंत नुकतीच सारवली होती, कौले फेरली होती, आणि माझ्या बसण्याच्या जागी खिडकीखाली उखळ आणून ठेवले होते. उखळ हलवायला सांगण्याचा मला धीर होत नव्हता, कारण घर त्यांचे. पण त्यांच्या सुनेने माझी नजर ओळखून ते स्वतःच ढकलत ओट्यावर नेले. मोबाइलला रेंज अजूनही यशवंत तलावाच्या बाजूला चालत गेल्यावरच मिळत होती. ही माझ्या दृष्टीने त्या जागेची सर्वांत मोठी सोय आहे.

खायच्या सामानाचे फारसे सांगण्यासारखे नाही. दादर ज्वारीचे पीठ, ज्वारी-उडदाच्या कळण्याचे पीठ वेगळे, नंदुरबारच्या मिरचीचे तिखट, शेव, तूरडाळ आणि त्या रविवारांत लाटून वाळवलेले बिबडे एवढे बरोबर असले की बाकीचे वर मिळते.

कागदांचा एक ढीग मात्र यंदा तीन शुक्रवार जागचा हलला नाही. माझी कादंबरी नंदुरबार आणि धुळे भागातून दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, मुलेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन निघायचे, उसाच्या फडाजवळ पाल ठोकायचे आणि हंगाम आटोपला की परतायचे, हा त्यांचा फेरा माझ्या फेऱ्याशी महिन्यामहिन्याने जुळतो. ते जातात तेव्हा मी खाली येते, आणि ते परततात तेव्हा मी वर जायच्या तयारीत असते. या जुळणीवरून एकदा एका कार्यक्रमात मी स्वतःलाही स्थलांतरित म्हणवून घेतले होते. त्याची मला पुढे लाज वाटली. मी उन्हाला कंटाळून जाते आणि माझ्या खोलीत उखळ असले तर ते कोणीतरी हलवून देते. तो ढीग होता तो या लोकांशी झालेल्या बोलण्याच्या टिपणांचा: सहा लहान वह्या, काही ठिकाणी पेन्सिल, काही ठिकाणी एसटीच्या तिकिटांच्या पाठी. त्यांतले जे हवे होते ते कादंबरीत येऊन गेले होते, त्यांचे फोटो काढून ठेवले होते, तेव्हा त्या मळ्यातल्या पेटीत राहू द्याव्यात असे मी शेवटच्या शुक्रवारी, २५ तारखेला, ठरवले आणि वेखंडही घातले.

आखाजीचा आठवडा लेखनाचा नसतो, आणि नसावा. मळ्यात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल आखाजीला सरते आणि नवे बसते. पैशांचा हिशेब, पुढच्या सालाची बोलणी, नवा सालदार आला तर त्याच्या राहण्याची व्यवस्था हे सगळे त्या दोनचार दिवसांत होते. माझी खोली मुळात सालदाराचीच. पाटलांनी ती मला दिली ती जुना सालदार गावात स्वतःच्या घरी राहतो म्हणून, आणि यंदा त्यानेच पुन्हा साल धरल्यामुळे माझी पुढच्या दिवाळीची चिंता मिटली. पाटलांच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या, मळ्यातल्या निंबाला झोके बांधले गेले, आणि रात्री अकरापर्यंत गौराईची गाणी चालू राहिली. आखाजीच्या दिवशी घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले, पितरांना आगारी दिली, म्हणजे निखाऱ्यावर नैवेद्य वाहिला, आणि मग त्या घरात वर्षातला पहिला आंबा कापला गेला. आखाजीच्या आधी तेथे आंबा तोंडात घालत नाहीत. पाटीलकाका म्हणाले, “ताई, आता आमरस खाऊन चारपाच दिवस राहा, मग जा.” ते दरवर्षी असे म्हणतात, आणि मी दरवर्षी दोन दिवस राहते. पुरुषमंडळी पत्ते कुटत बसली होती. मी वहिनींबरोबर सांजोऱ्या तळल्या आणि कादंबरीतल्या म्हातारीविषयी एक अक्षरही मनात आणले नाही, याचे समाधान वाटले.

३ मेच्या शनिवारी सकाळी साडेसहाला पिकअप आली. धान्य, बटाटे, कांदे घेऊन ती वर जाते आणि आमचुराच्या गोण्या घेऊन उतरते. तिच्यात माझी जागा दरवर्षी ठरलेली असते. चालक भाडे ठरवतो ते वजनावर, आणि त्यासाठी त्याच्याकडे गोण्या टांगायचा ताणकाटा असतो. त्याला पेटीची कडी अडकवली की काटा खाली झुकतो आणि तो मोठ्याने आकडा वाचतो. यंदा पेटी ४१ किलो भरली. मी सहज त्याला नुसते कादंबरीचे बासन अडकवून पाहायला सांगितले. ते तीन किलो आणि चारशे ग्रॅम होते. “एवढंच?” असे तो म्हणाला, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते.

सालदाराची बायको पेटी उचलायला हात लावून उभी होती. लग्नानंतरची सात वर्षे तिने बारडोलीकडे ऊस तोडला आहे. त्या सहा वह्यांपैकी दीड वही तिच्याच बोलण्याची. ती दरवर्षी विचारते तसे तिने अहिराणीत विचारले, “एवढा कागदं कथा लई चालनी, माय?” मी वर, तोरणमाळला असे सांगितले. मग तिने बासनाकडे बोट दाखवून विचारले, “मन्ही गोट लिखी का यामा?” मी म्हटले, यात थोडी आहे, बाकीची खोलीतल्या पेटीत ठेवली आहे. तिने मान वळवून खोलीकडे पाहिले. २०१९ च्या दिवाळीनंतर वाळवीची माती सुपाने भरून बाहेर टाकणारी तीच होती.

“मंग खाले नको ठेवजो,” ती म्हणाली.

चालकाने इंजिन चालू ठेवले होते. मी खोलीत परत गेले, विटांवरून पेटी उतरवली, वेखंडासकट सहाही वह्या बाहेर काढल्या. त्यांना पुरेल असे कापड उरले नव्हते, म्हणून तिने डोक्याला बांधलेला जुना रुमाल सोडून दिला आणि मी बासनासारखा तो त्यांच्याभोवती गुंडाळला. त्यांचे वजन चालकाने केले नाही.

म्हसावदपर्यंत रस्त्यावर ऊन पसरलेले होते. मी चालकाशेजारी मांडीवर दोन्ही बासने घेऊन बसले होते, कारण मागे कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्री होती आणि तिच्याखाली काय होईल याची मला खात्री नव्हती. घाटात दोनदा थांबावे लागले, एकदा इंजिन तापले म्हणून आणि एकदा गायी आडव्या आल्या म्हणून. वर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि उखळ ओट्यावरच होते. दुपारी झोपले, संध्याकाळी तलावापर्यंत चालत जाऊन पाटीलकाकांना पोहोचल्याचा फोन केला, रात्री गोधडी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून नववे प्रकरण वाचायला घ्यायचे होते, पण आधी रुमालातल्या वह्याच सोडल्या. दुसऱ्या वहीत, एका तिकिटाच्या पाठीवर, तिने सांगितलेले एक वाक्य होते: गाडीत चढताना सासूने हातातले गाठोडे आधी आत फेकले होते, म्हणजे मग स्वतःला मागे फिरता येणार नाही. हे मी कादंबरीत घेतलेच नव्हते.